खेळण्यांची पथारी सोडा, बुरडाकडे चला

आठवडी बाजारात लेकरू कडेवर असलं की पाय आपोआप झगमगत्या खेळण्यांच्या पथारीकडे वळतात. तीन वर्षांखालच्या लेकरासाठी अख्ख्या बाजारातली सर्वांत कुचकामी पथारी तीच. कामाचा माल चार पथाऱ्या सोडून पुढे असतो: बुरडाच्या टोपल्यांत, भांडेवाल्याच्या वाट्यांत, सुताराच्या ढिगात, गादीवाल्याच्या पिंजलेल्या कापसात. यांच्याकडून दोन-तीनशे रुपयांत पहिल्या तीन वर्षांच्या खेळाची बरीचशी सोय होते. फक्त कोणाकडून काय उचलायचं, घरी आणून त्याचं काय करायचं आणि फसगत कुठे होते हे ठाऊक हवं. वर्धा, यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर या पट्ट्यातल्या बाजारांत जे विक्रेते सहसा बसतात त्यांचा हा हिशेब आहे. भाव गावागणिक आणि हंगामागणिक हलतात, तेव्हा आकडे अंदाजापुरते धरावेत.

बाजाराला निघण्याआधी दोन कागदी मापं करून खिशात टाका. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद पुरतो. पहिली पट्टी ११ सेंमी लांब आणि पावणेसहा सेंमी रुंद कापायची, १० सेंमीवर रेघ मारायची आणि उरलेला एक सेंमी रेघेपर्यंत एकावर एक चढवून चिकटवायचा. या नळीचा आतला व्यास ३.२ सेंमीच्या आसपास येतो. खेळण्यांच्या मानकात बारीक भाग तपासायच्या नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, म्हणजे घरची नळी जवळजवळ त्याच मापाची झाली. जी वस्तू, किंवा जिचा निखळणारा तुकडा, न दाबता या नळीत पूर्ण मावतो, ती तीन वर्षांखालच्या लेकराच्या हातात जाऊ द्यायची नाही. दुसरी पट्टी १५ सेंमीची, रेघ १४ वर. हे कडं साडेचार सेंमीच्या जवळ येतं आणि ते गोल वस्तूंसाठी. चेंडू कड्यातून आरपार गेला तर तो नको. गोल वस्तूला मोठं माप लावायचं कारण साधं आहे: ओबडधोबड तुकडा अडकला तरी बाजूने थोडी हवा जाते, गोल वस्तू मात्र घशात बुचासारखी बसते. या कड्याने गावठी लिंबूही बहुतेकदा बाद होतं.

बुरड: बाजारातली पहिली खरेदी इथे

इथून घ्यायची ती सपाट बुडाची टोपली. सहा-सात महिन्यांचं लेकरू बसायला लागलं की त्याला सरकता येत नसतं, पण हात मोकळे झालेले असतात. नेमक्या या दोन-तीन महिन्यांसाठी एलिनॉर गोल्डश्मीड या ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी ‘खजिन्याची टोपली’ रूढ केली. घरातल्या रोजच्या वस्तू एका टोपलीत भरून लेकरापुढे ठेवायच्या, मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बसायचं आणि मध्ये काही शिकवायला जायचं नाही. आपल्याकडे शेवटची अट पाळणं सगळ्यात अवघड. आजी असली तर जास्तच.

टोपलीचं माप: व्यास ३५ सेंमी, उंची १० ते १२ सेंमी, कडी-दांडा नको. बुरड नेहमी विकतो ती टोपली शेणमाती आणि भाजी वाहायची. तिचं बूड गोलसर आणि काठ पसरट असतो. लेकराने काठावर जोर दिला की ती उलटते आणि लेकरू तोंडावर आपटतं. म्हणून ‘सपाट बुडाची, काठ दुहेरी वळलेला’ असं सांगून पुढच्या बाजाराला करवून घ्यावी. हाती आल्यावर तिथेच जमिनीवर ठेवून काठ तळहाताने दाबून पाहा. समोरची बाजू सहज उचलली गेली तर परत द्यावी. साधी टोपली शंभराच्या आत-बाहेर मिळते. सांगून केलेलीला थोडं जास्त द्यावं लागतं, आणि ते द्यावं.

हिरव्या ओल्या बांबूची टोपली स्वस्तात मिळते, पण पावसाळ्यात तिला बुरशी धरते. टोपली झटकल्यावर पिवळसर पीठ पडलं तर आत भुंगा शिरला आहे असं समजावं. गुलाबी-हिरव्या पट्ट्यांच्या टोपल्या दिसायला गोड असतात, पण ओलं पांढरं फडकं मिनिटभर त्यांच्यावर दाबून धरा. फडक्यावर जो रंग उतरतो तोच लाळेबरोबर पोटात जाणार.

घरी आणल्यावर पहिलं काम कुसळांचं. जुन्या लुगड्याचं मऊ फडकं आतून-बाहेरून फिरवायचं. जिथे धागा अडकेल तिथे कुसळ आहे. १२० नंबरचा पॉलिश पेपर बांबूच्या धाग्याच्या दिशेने घासायचा. आडवा घासला की होती ती कुसळं जातात आणि नवी उभी राहतात, बहुतेकांची चूक इथेच होते. मग काठाला सुती पट्टी गुंडाळून शिवून घ्यायची, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायची. मे महिन्यातल्या उन्हात ठेवली तर पट्ट्या तडकतात आणि सगळी मेहनत पुन्हा.

आत आठ-दहा वस्तू पुरेत: लाकडी पळी, स्टीलची छोटी वाटी, जाड काठाचा चमचा, बाहेरून शेंड्या खरवडून आणि काठ घासून गुळगुळीत केलेली अर्धी करवंटी, वीतभर सुती फडकं, आखूड लाकडी लाटणं. हिवाळ्यात एक अख्खं संत्रं. काटोल-वरूडच्या पट्ट्यात तर घरोघरी असतंच. रंग, वास, गारवा, खडबडीत साल आणि घरंगळणं हे सगळं एका फळात मिळतं. मात्र सालीचं तेल डोळ्याला झोंबतं, त्यामुळे लेकराने साल फोडली की संत्रं काढून घ्यायचं.

काही वस्तू सुंदर दिसतात, तरी टोपलीत नकोत. अंबाडीची किंवा सुतळीची वेणी ही त्यातली पहिली. तिचे तंतू सुटून बोटाभोवती किंवा पायाच्या अंगठ्याभोवती करकचतात, रक्त अडतं, आणि लेकरू का रडतंय हे कितीतरी वेळ कळत नाही. तारेची चहागाळणी वापरून सैल झाली की तारांची टोकं बाहेर येतात. मक्याचं बुरकुंड, म्हणजे दाणे काढलेलं कणीस, ओलं झालं की भुगा होतो. टोपली दिवसभर समोर पडून राहिली तर तिची किंमत जाते. वीस-पंचवीस मिनिटांनी उचलून ठेवावी आणि दर दोन-तीन दिवसांनी दोन वस्तू बदलाव्यात.

बुरडाकडूनच दुसरी गोष्ट घ्यायची: बांबूची कडी. आपल्याकडचा मानवेल बांबू बराचसा भरीव असतो, त्याची कडी होत नाहीत. पोकळ, जाड कटांगाचा तुकडा मागा, बाहेरून सहा-साडेसहा सेंमी जाडीचा, आणि त्याच्या दीड सेंमी रुंदीच्या सात-आठ चकत्या करवतीने कापून मागा. पेर मध्ये येऊ देऊ नका, तिथे आत पडदा असतो. दोन्ही कडा आतून-बाहेरून घासायच्या, गालावर फिरवून पाहायच्या. तळहाताला न जाणवणारं कुसळ गालाला जाणवतं. ही कडी सहा महिन्यांच्या लेकराला धरायला-चघळायला, वर्षाच्या लेकराला बरणीत टाकायला आणि दीड वर्षाच्याला खुंटीवर ओवायला, अशी तीनदा कामाला येतात. इतक्या पैशांत इतकं काम करणारी वस्तू बाजारात दुसरी नाही.

भांडेवाला

एकात एक बसणाऱ्या पाच वाट्या घ्याव्यात. स्टील पातळ असलं तरी चालतं, काठ मात्र बाहेर दुमडलेला हवा. बोट नाही, कापडाची कड काठावरून ओढून पाहा. कापड अडकलं तर तो काठ ओठ कापणार. वाट्या एकातून एक काढणं लेकराला आधी जमतं, घालणं त्यानंतर, आणि पालथ्या घालून मनोरा रचणं कितीतरी पुढे. दहा महिन्यांचं लेकरू नुसतं काढून आपटत असेल तर त्याचा खेळ बरोबर चालला आहे. आवाजाचा त्रास होत असेल तर खाली दुपदरी वाकळ अंथरावी, वाट्या काढून घेऊ नयेत.

भांडेवाल्याच्या शेजारीच प्लास्टिकच्या बरण्या असतात. रुंद तोंडाची दीड-दोन लिटरची बरणी घ्या, झाकणाचा व्यास नऊ-दहा सेंमी असलेली. झाकणात सात सेंमी लांब आणि दोन सेंमी रुंद चीर पाडायची. ब्लेडने कापायला गेलं तर झाकण तडकतं. तापवलेल्या खिळ्याने जवळजवळ भोकं पाडून मग जोडायची आणि कडा घासायची. धूर होतो, तेव्हा हे अंगणात, लेकरू दूर असताना. बांबूचं कडं उभं धरून चिरेतून आत सोडायचं, खळ्ळ आवाज येतो, झाकण काढून पुन्हा बाहेर. बारा-तेरा महिन्यांनंतर हा खेळ तासन्‌तास चालतो. चीर कड्याहून चार-पाच मिलिमीटर मोठी हवी. घट्ट झाली तर लेकरू दोनदा प्रयत्न करतं आणि बरणी फेकतं. आरंभी आठवडाभर झाकणाविनाच द्यावी.

मोबाईलवर दिसणाऱ्या बहुतेक चित्रफितींत याच खेळाला पाण्याच्या बाटल्यांची झाकणं वापरलेली असतात. तुमची पहिली नळी काढा आणि झाकण त्यात टाकून पाहा. सरळ आत जातं. तो खेळ तीन वर्षांनंतरचा.

त्याच बरणीचा झाकणाविना आणखी एक उपयोग आहे. सुती साडीचे वीतभर लांबी-रुंदीचे सहा-सात तुकडे आत कोंबायचे आणि लेकराने ते ओढून काढायचे. तुकडे एकमेकांना गाठी मारून लांब माळ करण्याचा मोह टाळा. गळ्याभोवती फिरू शकेल अशी कुठलीही दोरी, पट्टी, माळ दीड वर्षाखालच्या खेळण्यात २२ सेंमीहून लांब नसावी. पाळण्यावर लोंबणाऱ्या चिमण्या-पोपटांनाही हेच माप. हात पोचायला लागला, म्हणजे चार-पाच महिन्यांचं झालं, की त्या उतरवून ठेवाव्यात.

ती झगमगती पथारी

२०२१ च्या १ जानेवारीपासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, सोबत ‘आयएस ९८७३’ हा क्रमांक हवा, विजेच्या किंवा सेलच्या खेळण्यांवर ‘आयएस १५६४४’. नोंदणीकृत हस्तकलाकारांना यातून सूट आहे. सुट्या, पिशवीत कोंबलेल्या खेळण्यांवर चिन्ह शोधा. नसेल तर पुढे चला, घासाघीस करण्यात वेळ घालवू नका.

चिन्ह असलं तरी चार गोष्टी या वयाला नकोतच. गोल चपटे सेल असलेलं गाणारं खेळणं: असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजायला सुरुवात होते. सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर हातही लावू नका. फुगे: फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर चिकटतो आणि काढता येत नाही. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी: गिळल्यावर आतड्यात फुगतात, आणि एक्स-रेमध्ये बहुधा दिसतही नाहीत. लोहचुंबकाचे तुकडे: एकाहून जास्त गिळले तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये चिमटून धरतात. छोट्या गाड्यांची चाकं ओढून पाहिली की आसासकट बाहेर येतात, आणि ती दोन्ही नळीत मावतात.

या पथारीवर घ्यायला एकच वस्तू आहे, दहा-बारा सेंमीचा मऊ रबरी चेंडू. वास उग्र नसेल तर.

सुतार: उत्तम माल, पण रंगाशिवाय

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लेकरांनी लाकडी बैल मिरवायच्या सणाच्या, आधी नागपूर-वर्ध्याकडच्या बाजारांत लाकडी बैलांच्या रांगा लागतात. दीड-दोन वर्षांच्या, पाय फुटलेल्या लेकराला ओढायला यापेक्षा चांगलं खेळणं नाही, कारण ते जड असतं, हळू चालतं आणि मागे वळून पाहिलं तर तिथेच असतं. पण मिरवायचा बैल वेगळा आणि खेळायचा वेगळा. खेळायच्या बैलाची शिंगं बोथट आणि अंगाशी वळलेली हवीत, कान-शेपूट नंतर चिकटवलेलं नको. चाकं नुसत्या खिळ्यावर ठोकलेली असतील तर महिन्याभरात खिळा ढिला होतो आणि चाकासकट लेकराच्या हातात येतो. आरपार लाकडी आस आणि टोकाला पाचर असलेला बैल मागा. ओढायची दोरी वीतभरच ठेवा आणि टोकाला बांबूचं एक कडं बांधा. दीड वर्षाखालच्या लेकराला दोरी काढून, नुसता ढकलायला द्या.

रंगवलेला बैल घेऊ नये. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमहून (दहा लाख भागांत ९० भागांहून) जास्त नसावं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांचा. ट्रॅक्टर-ट्रॉलीचे, यंत्राचे रंग त्यात येत नाहीत, आणि बैलावर कुठल्या डब्यातला रंग चढला हे कोणी विचारत नाही. कोरा बैल दहा-वीस रुपयांनी स्वस्तही पडतो.

कोऱ्या लाकडाला हात द्यायचा तो जवसाच्या तेलाचा. घाण्यावरचं, खायचं तेल घ्या. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल नको, ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची रसायनं घातलेली असतात. आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पेपरने लाकूड घासा, धूळ पुसा, फडक्याने तेलाचा पातळ हात द्या, वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढा. तळहाताला चिकटेनासं झालं की दुसरा हात, तसाच तिसरा. उन्हाळ्यात एकेका हाताला चार-पाच दिवस लागतात, पावसाळ्यात दुप्पटही. जाड थर दिला तर वरची साय धरते, आत ओलं राहतं आणि खेळणं कायमचं चिकट होतं. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल लावून भागवू नका, त्याचा असा कोरडा थर धरत नाही आणि पुढे खवट वास येतो.

तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चोळामोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ४५ अंशाच्या दिवसांत, शेजारी कडब्याची गंजी असताना हे विसरायची गोष्ट नाही. फडकी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पांगुळगाड्याची चाचणी बाजारातच होते. मुठीवर तळहात ठेवून खाली दाबा. पुढचं चाक सहज उचललं गेलं तर लेकरू त्याला धरून उठताना गाडा अंगावर घेणार. पाया रुंद, मूठ लेकराच्या छातीच्या उंचीला, आणि लेकरू स्वतः धरून उभं राहू लागल्यानंतरच गाडा द्यायचा. सारवलेल्या जमिनीवर तो बेतात चालतो, फरशीवर पळतो. फरशीचं घर असेल तर चाकांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट चढवा आणि खालच्या आडव्या पट्टीवर दोन किलो रेतीची शिवलेली पिशवी बांधा. मध्ये बसवून फिरवायच्या गोल प्लास्टिक वॉकरशी याची तुलना नको. पायऱ्यांवरून आणि चुलीकडे लेकरू वेगाने जातं म्हणून कॅनडाने तो २००४ मध्ये विकायलाच बंदी केली, आणि त्याने चालणं लवकर येतं हा समजही खोटा आहे.

सुताराकडून आणखी एक: १५ सेंमी चौरस पाटीवर अडीच सेंमी जाडीची, वीतभर उंचीची, गोल डोक्याची खुंटी. तिच्यावर बांबूची कडी ओवायची. खुंटी सरळ वरून ठोकलेली असेल तर हलते, पाटीत भोक पाडून आरपार बसवलेली हवी. लेकरू तोल जाऊन तिच्यावर पडू शकतं, म्हणून खेळ संपला की उचलून ठेवावी.

गादीवाला आणि कटपीस

घरचा कापूस असताना विकत का, असं वाटतं. वेचलेल्या कापसात सरकी, पाल्याचा कचरा आणि फवारणीचा अंश असतो. पिंजलेला कापूस पन्नास ग्रॅम घ्या, एका चेंडूला पुरतो. सुती कापडाच्या सहा पाकळ्या कापायच्या, १८ सेंमी लांब आणि मध्यभागी ६ सेंमी रुंद, शिवणीसाठी भोवती पाऊण सेंमी जास्त. चेंडू साडेअकरा सेंमीच्या आसपास येतो. टाके दोन-तीन मिलिमीटरचे, प्रत्येक शिवण दोनदा. कापूस चिमटी-चिमटीने, कडांपासून मध्याकडे, हाताला टणक लागेपर्यंत भरायचा. सैल भरलेला चेंडू पहिल्याच धुण्यात गोळ्यागोळ्यांचा होतो. पावसाळ्यात आतून वाळत नाही आणि कुबट वास येतो, म्हणून त्या चार महिन्यांत कापसाऐवजी चिंध्या भरलेला चेंडू बरा. बटणाचे डोळे, मणी, टिकल्या काही लावू नका. आणि असं मऊ काहीही वर्षाखालच्या लेकराच्या झोपायच्या जागी ठेवायचं नाही.

पहिल्या तीन महिन्यांसाठी कटपीसवाल्याकडचा काळ्या-पांढऱ्या रुंद पट्ट्यांचा तुकडा पुरतो. पट्टे दोन-तीन सेंमीचे. लेकराच्या डोळ्यांपासून २० ते ३० सेंमीवर धरायचा, तेवढंच त्याला नीट दिसतं. बारीक फुलाफुलांचं कापड त्याला नुसतं धुरकट.

कुंभार

भाजलेली चिमुकली चूल-जातं तीन वर्षांनंतर. आधी ती फुटतात आणि खापरी धारदार असते. इथून घ्यायचा तो मळलेला मातीचा गोळा, किलोभर. शेतातली काळी माती वापरायला गेलं तर वाळताना तडकते, कारण ती पाण्याने फुगते आणि सुकताना तितकीच आकसते. वापरायचीच असेल तर चाळून दोन भाग माती, एक भाग बारीक रेती. फवारणीच्या वावरातली मात्र नको. एखादं लेकरू खेळताना चव घेतं ते वेगळं, सतत माती खात असेल तर रक्त तपासून घ्यावं, बहुधा लोह कमी असतं.

किराणा, आणि कृषी केंद्राचं काय आणू नये

खुळखुळ्यासाठी मूठभर ज्वारी. तव्यावर पाच मिनिटं कोरडी भाजून थंड करायची, नाहीतर श्रावणात आत पोरकिडे होतात. बाटली जाड प्लास्टिकची, लेकराच्या मुठीत मावेल अशी अडीच-तीन सेंमी जाडीची, औषधाची नको. पाव भाग भरायची. जास्त भरली की दाणे हलत नाहीत आणि आवाज मरतो. झाकणाच्या आट्यांना एम-सील लावून घट्ट फिरवायचं, दिवसभर ठेवायचं, मग कमरेच्या उंचीवरून दहा वेळा दगडी फरशीवर टाकून पाहायचं. तडा गेला तर टाकून द्यायची. सगळं वजन पन्नास ग्रॅमच्या आत हवं, चार-पाच महिन्यांचं लेकरू खुळखुळा आधी स्वतःच्याच कपाळावर मारतं. दर महिन्याला आटे तपासा.

दाण्यांऐवजी झाडाच्या बिया भरण्याची हौस आपल्याकडे फार. गुंज, एरंडी, मोगली एरंड, धोतरा यांच्या बिया विषारी आहेत, सीताफळाच्या बीची भुकटी डोळ्याला घातक. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात म्हणून पोरं खातात, हे जास्त धोक्याचं. कृषी केंद्रातून आलेलं कपाशीचं किंवा इतर रंगीत बियाणं औषध लावलेलं असतं, उरलेलं पाकीट कितीही छान दिसलं तरी खेळात येऊ देऊ नका. फवारणीचा रिकामा डबा धुऊन त्याचा ढोल करणं हे तर पूर्ण बंद. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीने माणसं दगावली, आणि डबा तीनदा विसळला म्हणून त्याच्या प्लास्टिकात मुरलेलं जात नाही.

मळायचा गोळा: एक वाटी मैदा, दोन चमचे तेल, अर्ध्या वाटीला थोडं कमी पाणी. दोन वर्षांखाली यात मीठ घालू नये. नेहमीच्या कृतीत अर्धी वाटी मीठ असतं, टिकायला म्हणून, पण लेकरू गोळा खाणारच, आणि तेवढं मीठ त्याला झेपत नाही. बिनमिठाचा गोळा मे महिन्यात दुपारपर्यंत आंबतो, सकाळचा सकाळीच संपवायचा. रंगाला बीटाचा रस, पालकाचा रस. हळदही चालते, पण कपड्यावर लागली आणि साबण लावला की डाग लाल होतो, घाबरू नये, उन्हात जातो.

फाल्गुनात पळसाला पर्याय नाही. वीस-पंचवीस फुलांच्या पाकळ्या, देठाची काळी वाटी काढून, पेलाभर कोमट पाण्यात रात्रभर ठेवायच्या, कापडातून गाळायच्या. पिवळा-केशरी रंग मिळतो, जुन्या चादरीवर बोटांनी लावायला उत्तम. दुसऱ्या दिवशी टाकून द्यायचा. रंग गडद व्हावा म्हणून कोणी त्यात चुना घालायला सांगेल. लेकराच्या खेळात चुना नको. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी दाबून ती डोळ्यात उडाली तर बुबुळ भाजतं. पडवीतल्या खिशातून, कोनाड्यातून ती आधी उचला.

उन्हाळ्यात संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर कोपरात, म्हणजे पसरट भांड्यात, तीन-चार सेंमी पाणी, दोन वाट्या आणि नारळाच्या शेंडीचा कुंचला. शेंडी दगडावर कुटून दोऱ्याने घट्ट बांधली की कुंचला झाला, सुटणारे केस आधी ओढून काढायचे. लेकरू दगडी ओट्यावर पाण्याने रेघा ओढतं, आणि त्या हवेत दोन-तीन मिनिटांत रेघ नाहीशी होते. पुन्हा ओढायची. कोपरातलं वापरलेलं पाणी पुढे तुळशीला. कोपरापाशी मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं हवं, फोन घ्यायलाही उठायचं असेल तर लेकरू उचलून न्यायचं. तेवढ्या पाण्यातही लेकरू बुडतं, आणि बुडताना आवाज करत नाही. बादली, हौद, जमिनीलगतचं टाकं यांवर झाकण.

खरेदीचा क्रम लावायचा तर आधी बुरडाला माप सांगून यावं, कारण त्याला आठवडा लागतो. भांडेवाला आणि कटपीस त्याच दिवशी. सुताराची घाई नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होतो, त्यानंतरच्या बाजारात उरलेले बैल तो कमी भावात काढतो. कोरे, आरपार आसाचे निवडून तेव्हा घ्यावेत. हात द्यायला मात्र पाऊस ओसरेपर्यंत थांबावं, भादव्यात जवसाचं तेल वाळता वाळत नाही.